सेल्फ फिरतो, इंजिन फिरत नाही

मंडळी, मागच्या खेपेला बॅटरीच्या निगेविषयी लिहिले होते. त्यावर जी पत्रे आली त्यांतल्या पुष्कळ पत्रांचा सूर एकच आहे. बॅटरी भरून आणली, दिवे लख्ख लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो. पण सेल्फचे बटण दाबले की नुसता 'घूंऽऽ' असा आवाज होतो आणि इंजिन जागचे हलत नाही. एका वाचकांच्या जुन्या जीपला मेकॅनिकने अख्खा सेल्फ बदलायला सांगितला आहे, आणि त्यासाठी ते दुभती शेळी विकायच्या विचारात आहेत.

शेळी विकू नका. निदान हा मजकूर वाचून होईपर्यंत तरी नको. सेल्फ जोरात फिरतो आहे, म्हणजे बॅटरी ठीक, तारा ठीक, सेल्फच्या आतले कार्बन आणि आर्मेचरही बहुधा ठीक. जी वस्तू काम करीत नाही ती सेल्फच्या तोंडाशी बसलेली असते आणि मुठीत मावते. तिला आपले मेकॅनिक बेंडिक्स म्हणतात. पुष्कळदा तीही बदलावी लागत नाही, धुवावी लागते.

बेंडिक्स हे एका माणसाचे आडनाव आहे. व्हिन्सेंट बेंडिक्स १८८१ साली अमेरिकेतल्या मोलीन गावी जन्मला. जॉन डिअरने आपला नांगरांचा कारखाना १८४८ साली याच गावी आणला होता. तेव्हा ज्यांच्या दारात हिरवा ट्रॅक्टर उभा आहे त्यांना हे गाव अगदीच परके वाटायला नको. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ आला आणि हँडल मारण्याची कटकट मिटायला लागली. पण सेल्फ आणि इंजिन यांची गाठ घालायची कशी, आणि काम झाल्याबरोबर सोडायची कशी, हा प्रश्न उरलाच. बेंडिक्सने तो सोडवला आणि १९१४ साली त्याची युक्ती शेव्हरोलेच्या मोटारीत बसली.

गाठ सोडणे एवढे महत्त्वाचे का? इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दातेरी रिंग असते. सेल्फच्या चाकीवर जेवढे दाते असतात त्याच्या दहा-बारा पट दाते त्या रिंगेवर असतात. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेऊ लागले आणि चाकी तशीच अडकून राहिली, तर सेल्फला वीस हजारांच्या वर फेरे घ्यावे लागतील. आर्मेचरच्या तारा उपटून बाहेर येतील, दुसरे काही होणार नाही.

आता युक्ती पाहा. घरात लांब बोल्ट आणि त्यावर सैल फिरणारा नट असेल तर हातात घ्या. नटाला दोन बोटांनी हलकेच धरा आणि बोल्ट फिरवा. नट स्वतः फिरत नाही, तो आट्यांवरून पुढे सरकतो. बेंडिक्समध्ये बोल्टाच्या जागी मोठ्या आट्यांची नळी असते आणि नटाच्या जागी दातेरी चाकी. त्या चाकीला एका बाजूला जड केलेले असते. सेल्फ झटक्यात फिरला की चाकी आपल्या जडपणामुळे मागे राहते, म्हणजे फिरायला तयार नसते. मग ती आट्यांवरून सरकत जाते आणि रिंगेच्या दात्यांत घुसते. टोकाला पोचली की पुढे जायला जागा नाही, तेव्हा तिला फिरावेच लागते, आणि तिच्याबरोबर फ्लायव्हील फिरते. तो धक्का सोसायला जाड तारेची स्प्रिंग असते. इंजिन चालू झाले की रिंग चाकीला सेल्फपेक्षा जोरात फिरवू लागते. नट उलटा फिरवल्यासारखे होते आणि चाकी आपोआप मागे येते. ना लिव्हर, ना पेडल. आमच्या मते साऱ्या मोटारीत इतकी सोपी आणि इतकी हुशार दुसरी वस्तू नाही.

पण एक पथ्य आहे. चाकी आट्यांवर अगदी मोकळी सरकली पाहिजे. इथेच आपल्याकडे घोटाळा होतो. 'यंत्र म्हणजे तेल-ग्रीस पाहिजे' या समजुतीने कोणी तरी त्या आट्यांना भरपूर ग्रीस फासतो. क्लचच्या पाट्यांची भुकटी आणि आपल्या रस्त्याची धूळ त्या ग्रीसवर बसते, त्याचा काळा चिकट लगदा होतो, थंडीत तो आणखी घट्ट होतो आणि चाकी जागीच चिकटते. सेल्फ फिरतो, चाकीही त्याच्याबरोबर जागच्या जागी फिरते, पुढे काही येत नाही. हाच तो 'घूंऽऽ' आवाज. शेळी विकायला निघालेल्या आमच्या वाचकांच्या जीपला हेच झाले असण्याचा संभव फार आहे.

मात्र हात घालण्याआधी आपला सेल्फ कोणत्या जातीचा आहे ते पाहा. सेल्फच्या पाठीवर दुसरी एक लहान नळकांडी चिकटलेली दिसली, तर तो सोलेनॉइडचा सेल्फ आहे. त्यात चाकीला लिव्हर पुढे ढकलते आणि सुटण्यासाठी आत एकेरी क्लच असतो. आजचे बहुतेक ट्रॅक्टर आणि नव्या गाड्या या जातीच्या. मेकॅनिक त्या क्लचलाही बेंडिक्सच म्हणतात, म्हणून गोंधळ होतो. तो क्लच रॉकेलात किंवा डिझेलात कधीही बुडवू नका. आत कारखान्यात भरलेले ग्रीस धुऊन जाते. त्याची परीक्षा हाताने होते: चाकी एका बाजूला मोकळी फिरली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला घट्ट अडली पाहिजे. दोन्हीकडे फिरली तर क्लच गेला, तो बदलायचाच. आज मी जे सांगतो आहे ते आट्यांच्या जुन्या बेंडिक्सचे, म्हणजे जुन्या विलिज जातीच्या जीपचे आणि जुन्या अॅम्बॅसडरचे.

सेल्फ खोलण्यापूर्वी कान द्या. नुसता फिरण्याचा आवाज आला तर चाकी चिकटली आहे किंवा स्प्रिंग तुटली आहे. 'कर्रर्र' असा दाते खाण्याचा आवाज आला तर चाकीचे किंवा रिंगेचे दाते झिजले आहेत. एकदाच 'खट्' झाले आणि दिवे मंद झाले, तर चाकी रिंगेत अडकून बसली आहे. अशा वेळी बटण दाबत राहू नका, सेल्फ जळेल. इग्निशन बंद करा, गाडी टॉप गिअरात टाका आणि दोघांनी मिळून पुढे-मागे हलवा. चाकी बहुधा सुटते. आणि आवाजच आला नाही, तर बेंडिक्सला दोष देऊ नका. बॅटरीची टोके, चॅसीला जोडलेली जाड तार आणि स्विच पाहा.

आणखी एक परीक्षा आहे, ती पैसे वाचवणारी म्हणून लक्षात ठेवा. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना पुन्हापुन्हा त्याच दोन जागी थांबते. म्हणून रिंगेचे दातेही समोरासमोरच्या त्या दोनच जागी झिजतात, बाकीची रिंग नव्यासारखी राहते. सेल्फ लागत नसेल तेव्हा इग्निशन बंद ठेवून हँडलने इंजिन थोडेसे फिरवा आणि पुन्हा सेल्फ मारून पाहा. आता लगेच लागला, तर दोष रिंगेत आहे. नवा बेंडिक्स बसवून उपयोग नाही. उलट झिजलेली रिंग नव्या चाकीचे दाते खाईल. रिंगेसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते खर्चाचे आणि गॅरेजचे काम. पण तिथेही नवी रिंग घेण्याआधी विचारा. रिंग तापवून फ्लायव्हीलवर बसवलेली असते. ती तशीच तापवून काढून पाव फेरा फिरवून बसवली की न झिजलेले दाते कामाच्या जागी येतात. जुने मेकॅनिक हे करीत असत. नव्या पोरांना ठाऊक नसते, म्हणून आपण सांगावे.

आता सेल्फ उतरवू. पहिले काम बॅटरीचे: जी तार चॅसीला जोडलेली आहे ती आधी सोडा. हे विसरून पाना सेल्फच्या जाड तारेला आणि लोखंडाला एकदम लागला, तर ठिणगी उडते, पाना लाल होतो आणि हात भाजतो. हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवा. मग सेल्फची तार सोडा आणि फ्लायव्हीलच्या पेटीला धरणारे बोल्ट काढा. शेवटचा बोल्ट सुटताना खालून एका हाताचा आधार द्या. सेल्फ दिसतो त्यापेक्षा जड असतो.

सेल्फ बाहेर आला की चाकी बोटाने आट्यांवरून सरकवून पाहा. चिकटत असेल तर ब्रश घेऊन डिझेलने, किंवा मिळत असेल तर रॉकेलने, आटे स्वच्छ धुवा. सेल्फ तोंड खाली करून धरा, म्हणजे घाण आर्मेचरकडे जाणार नाही. फडक्याने पुसा, उन्हात सुकू द्या. नंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब, तोही पुसून घेतलेला. ग्रीस अजिबात नाही. चाकी आता आपल्या वजनाने सरकली, दाते टोकाला टोकदार झालेले नसले आणि स्प्रिंग शाबूत असली, तर तुमचे काम एका सकाळीत आणि पैशाशिवाय झाले.

स्प्रिंग तुटलेली असेल तर मात्र नवी बसवण्याआधी ती का तुटली ते विचारा. स्प्रिंग आपोआप तुटत नाही. इंजिन पुरते थांबायच्या आत कोणी तरी पुन्हा बटण दाबतो. थांबताना इंजिन थोडे उलटे झोके घेते, त्याच वेळी चाकी आत घुसते आणि धक्का स्प्रिंगवर येतो. किंवा टायमिंग फार पुढे ठेवलेले असते आणि इंजिन उलटा झटका देते. कारण तसेच ठेवून नवी स्प्रिंग बसवली तर तीही फार दिवस टिकणार नाही.

बदलायचेच ठरले, तर वस्तू कुठे मिळेल? तालुक्याला मिळाली तर उत्तम. नाही तर मुंबई. जीपचे आणि मुंबईचे नाते जुने आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच महिंद्रांनी माझगावला विलिज जीप जोडायला सुरुवात केली. तिथून निघालेल्या जीपा पुढे मामलेदार, पाटबंधारे, साखर कारखाने असे करीत लिलावातून आपल्या दारी आल्या. सुट्या भागांचा बाजारही मुंबईतच बसला, गिरगावच्या कडेला ऑपेरा हाउसच्या आसपास. पूर्वी असे काही लागले की लालबाग-परळला गिरणीत असलेल्या भावजींना चिठ्ठी जायची, आणि गणपतीला येताना ते पिशवीत ती वस्तू घेऊन यायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर ते घरटी एक माणूस मुंबईत असण्याचे दिवस हळूहळू सरले. आता स्वतःच जावे लागते.

एस.टी.ने मुंबई सेंट्रलला उतरलात तर चर्चगेटकडे जाणाऱ्या धीम्या लोकलने दुसरे स्टेशन चर्नी रोड. परळला किंवा दादरला उतरलात तर दादरहून पश्चिम रेल्वेची तीच धीमी गाडी. चर्नी रोडला पूर्वेच्या अंगाला बाहेर पडा आणि ऑपेरा हाउस विचारा. ते खरोखरच एक जुने नाटकगृह आहे, १९९३ साली बंद पडलेले आणि २०१६ साली पुन्हा उघडलेले. बाजार त्याच्या भोवतालच्या रस्त्यांवर आहे. लॅमिंग्टन रोडही तिथेच येऊन मिळतो, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे असते, पण जुना दुकानदार लॅमिंग्टनच म्हणेल. रविवारी जाऊ नका.

जाताना जुना बेंडिक्स फडक्यात गुंडाळून बरोबर न्या. हे मी दोनदा सांगतो, कारण 'जीपचा द्या' एवढ्यावर जी वस्तू मिळेल ती तुमच्या गाडीला बसेलच असे नाही. विलिज जीपच्याच फ्लायव्हीलवर ९७, १२४ आणि १२९ दात्यांच्या अशा निरनिराळ्या रिंगा आल्या आहेत. चाकी रिंगेशी जुळलीच पाहिजे. म्हणून चाकीचे दाते मोजा, दांडा शिरतो त्या भोकाची जाडी पाहा, आट्यांची दिशा पाहा. काही सेल्फ उजवीकडे फिरतात, काही डावीकडे. उलट्या आट्यांचा बेंडिक्स दिसायला जुळा भाऊ, पण चाकी पुढे येणारच नाही. शिवाय काहींत चाकी सेल्फपासून बाहेर जाते, काहींत सेल्फकडे आत येते. नवी आणि जुनी वस्तू काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून चाकी दोन्हींवर सरकवून बघा. दुकानदाराला राग येत नाही, त्याचे ते रोजचे आहे. नव्या चाकीच्या दात्यावर कानस किंचित ओढून पाहू द्या म्हणावे. कानस लोण्यासारखी खात गेली तर लोखंड कच्चे आहे, घेऊ नका. पक्क्या दात्यावरून कानस घसरते.

जुन्या गाड्यांचा माल आता पूर्वीसारखा भरपूर नाही, हेही ध्यानात ठेवा. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवते ना? वालचंदनगरच्या साखर कारखान्यामुळे आपल्या परिचयाचे असलेले वालचंद हिराचंद, त्यांनीच १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातली ही गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. ज्या मालाला रोज गिऱ्हाईक होते त्याला ते राहिले नाही, की दुकानदार फळीवर दुसरा माल मांडतो. जुन्या जीपच्या मालाचेही तसेच आहे. बाजारात जाल तेव्हा एकाच्या जागी दोन स्प्रिंगा घेऊन ठेवा.

बसवताना जुन्या अमेरिकी घडणीच्या बेंडिक्सला स्प्रिंगच्या टोकांचे दोन बोल्ट असतात आणि त्यांखाली कान वाकवलेले वायसर. ते कान सरळ करून बोल्ट काढा. दांड्यात अर्धचंद्रासारखी एक लहान चावी असते. ती धुळीत पडली की सापडत नाही, म्हणून खाली पांढरे फडके अंथरून बसा. लुकास जातीचा असेल तर जाड स्प्रिंग दाबून टोकाची पिन किंवा कडी काढावी लागते. ती स्प्रिंग सुटली तर डोळ्यावर येते. समोर तोंड ठेवू नका, आणि दाबायला नीट साधन नसेल तर एवढे काम गॅरेजात करून घ्या. नवा बेंडिक्स चढवण्याआधी दांडा बुशात वर-खाली हलवून पाहा. खडखडत असेल तर बुश झिजले आहे. तालुक्याचा लेथवाला नवे करून देईल. झिजलेल्या बुशावर नवी चाकी वाकडी चालते आणि रिंग खाते. वायसरचे कान पुन्हा वाकवायला विसरू नका.

सेल्फ परत बसवताना जिथे तो पेटीला टेकतो ती जागा घासून चकचकीत करा. सेल्फची अर्धी वाट त्या लोखंडातूनच जाते. तिथे रंग किंवा गंज राहिला तर नवा बेंडिक्सही रडतच फिरेल. दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळा. सेल्फची तार आधी जोडा, चॅसीची तार सर्वांत शेवटी. बटण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. लागला नाही तर अर्धा मिनिट थांबा, इंजिन पुरते निवांत होऊ द्या, मगच पुन्हा.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, हँडल आहेच की. आहे. पण रात्री अडीच वाजता सूनबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या, घरातले दोन्ही पुरुष पाणी धरायला मळ्यात गेले आहेत, आणि गाडी चालवता येणारी लेक घरी आहे, अशी वेळ डोळ्यांसमोर आणा. लेकीला गाडी चालवता येते, पण त्या इंजिनाला हँडल मारणे तिच्या मनगटाचे काम नाही. बेंडिक्स धुतलेला असेल तर गाडी तिचीही आहे, नसेल तर फक्त दांडग्या माणसाची. आणि दांडग्या माणसाचेही मनगट उलट्या झटक्याने मोडते. हँडल मारावेच लागले तर गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ वळवून धरू नका. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. झटका आला तर हँडल बोटांतून सुटून जाते, हात मोडत नाही. घरातल्या पोरांना हे आजच दाखवून ठेवा.

जुना बेंडिक्स भंगारवाल्याला देऊ नका. त्याची चाकी झिजली असेल तर स्प्रिंग चांगली असते, स्प्रिंग तुटली असेल तर नळी चांगली असते. डिझेलने धुऊन, तेलाचा हात फिरवून पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि डब्यावर गाडीचे नाव, चाकीचे दाते आणि रिंगेचे दाते लिहा. रिंगेचे दाते मोजायची संधी सेल्फ उतरलेला असतानाच मिळते: एका दात्याला खडूने खूण करा आणि एकाने हँडलने इंजिन हळूहळू फिरवीत दुसऱ्याने भोकातून मोजावे. पुढच्या खेपेला डायनामोचे पाहू.